धुळे ते सिस्सू, जानेवारीत: मागची दोन चाकं की चारही?

खान्देशातल्या रस्त्यांवर मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांना तोटा नाही. बोलेरो, स्कॉर्पिओ क्लासिक, इनोव्हा क्रिस्टा, २०२३च्या जानेवारीत आलेली थारची टू-व्हील आवृत्ती, सगळ्या रिअर व्हील ड्राइव्ह. यातली गाडी घेऊन हिवाळ्यात हिमाचलला निघायचं म्हटलं की कट्ट्यावर पहिला सल्ला मिळतो, “फोर बाय फोर नाही ना? मग बर्फाच्या नादी लागू नका.” दुसरा सल्ला त्याच्या उलट: “फोर बाय फोर आहे ना? मग चिंताच नाही.” यातला दुसरा जास्त धोक्याचा आहे. का, ते पाचव्या-सहाव्या दिवशी कळतं. एक रिअर व्हील बोलेरो आणि एक फोर बाय फोर थार अशा दोन गाड्या धुळ्याहून मनालीपलीकडच्या, अटल बोगद्यानंतरच्या सिस्सू गावापर्यंत सोबत नेल्या तर कुठे काय फरक पडतो, काय बिघडतं आणि काय आधी करून ठेवायचं, ते दिवसवार असं.

निघायच्या आधीचा दिवस: धुळे

या प्रवासाचं निम्मं काम धुळ्यातच होतं, आणि त्यातलं पहिलं काम म्हणजे कूलंट. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४४-४५ला टेकतो, रेडिएटरमध्ये पाणी कमी झालं की नळाचं पाणी ओतून गाडी पुढे काढतात. दोन उन्हाळे असं झालं की आत कूलंट नावापुरतंच उरतं. मैदानात त्याने फारसं अडत नाही. उणे तापमानात मात्र ते पाणी गोठून फुगतं आणि रेडिएटरची नळी, वॉटर पंप, नशीब फुटकं असेल तर इंजिनचा ब्लॉक, यांपैकी काहीतरी फोडतं. इथिलीन ग्लायकॉल आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं असेल तर मिश्रण साधारण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. एक तृतीयांशच ग्लायकॉल असेल तर ही मर्यादा उणे १८च्या आसपास येते. डोळ्यांनी बघून काही कळत नाही, रंग फसवा असतो. हायड्रोमीटर असलेल्या गॅरेजात मोजून घ्या. शंका असेल तर सगळं काढून, फ्लश करून नवीन भरा. काचेवर मारायच्या पाण्याचंही तसंच: साधं पाणी बाटलीतच गोठतं आणि छोटी मोटर जळते. गोठणार नाही असं वॉशर फ्लुइड भरा, तेही जुनं पाणी पूर्ण संपवून.

बॅटरी तीन-चार वर्षांची असेल तर लोड टेस्ट करून घ्या. थंडीत बॅटरीची ताकद घटते आणि नेमकं तेव्हाच घट्ट झालेलं ऑइल फिरवायला स्टार्टरला जास्त करंट लागतो. धुळ्यात सकाळी एका सेल्फमध्ये लागणारी गाडी मनालीत ‘टक’ असा एकच आवाज करून गप्प बसते, ती यामुळेच.

आता टायर. गाडी निवडताना चार चाकं की दोन यावर तासभर वाद घालणारे टायरवर पाच मिनिटंही घालवत नाहीत. नेहमीच्या टायरचं रबर साधारण ७ अंशांच्या खाली कडक होऊ लागतं आणि पकड सुटते. टायरच्या कडेला ‘एम प्लस एस’ लिहिलेलं असेल तर एवढंच कळतं की नक्षी चिखल-बर्फाला चालेलशी आहे. त्यासाठी बर्फावरची चाचणी झालेलीच असते असं नाही. तीन शिखरांच्या आत हिमकणाचं चित्र असलेला टायर मात्र बर्फावर तपासलेला असतो. असे टायर धुळे-जळगावच्या दुकानात सहज समोर येत नाहीत, आणि एका सहलीसाठी मागवून घेणं परवडतही नाही. म्हणून निदान एवढं पाहा की नक्षी ४ मिलिमीटरपेक्षा खोल आहे. कायद्याची मर्यादा १.६ मिलिमीटर आहे, पण तेवढ्या नक्षीचा टायर बर्फावर गुळगुळीतच समजा.

तिसरी गोष्ट चेन. टायरच्या कडेवरचा आकडा (बोलेरोला २१५/७५ आर१५) चेनच्या डब्यावर जसाच्या तसा हवा. “एक नंबर मोठी चालून जाईल” म्हणणाऱ्याकडून घेऊ नका. ढिली चेन फिरताना ब्रेकची नळी आणि आतला पत्रा फाडते. रिअर व्हीलला चेन मागच्या चाकांना, फ्रंट व्हीलला पुढच्या. फोर बाय फोरला चारही चाकांना असेल तर उत्तम. एकच जोडी असेल तर कुठे लावायची ते गाडीच्या पुस्तकात पाहा, कारण प्रत्येक गाडीत चाकाच्या आतली मोकळी जागा वेगळी असते.

चेन घरच्या अंगणात दोनदा लावून बघाच. जमिनीवर पसरून पीळ काढायचा, चाकावर टाकायची, हुकांची उघडी तोंडं टायरपासून बाहेरच्या बाजूला आहेत ना ते पाहायचं, आतल्या बाजूचा हुक आधी लावायचा, गाडी अर्धा फेरा पुढे घ्यायची, मग बाहेरचा हुक आणि शेवटी ताण. बर्फात हेच काम बोटं बधिर असताना, वाकून, अंधारात करायचं असतं. रबरी हातमोजे आणि गुडघ्याखाली घ्यायला रिकामी गोणी सोबत असू द्या. सामानात आणखी: छोटं फावडं, टोचनचा पट्टा आणि दोन शॅकल, हवा भरायचा पंप, प्रेशर गेज, जम्पर केबल, चाकामागे लावायला दोन लाकडी ठोकळे, आणि चार-पाच रिकाम्या गोण्या. गोण्या कशाला, ते मंडीला सांगतो.

पहिला दिवस: धुळे ते कोटा

धुळ्यावरून जाणारा ५२ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग इंदूर, कोटा, जयपूर, हिसार करत थेट पंजाबात संगरूरपर्यंत जातो, त्यामुळे दोन दिवस रस्ता शोधावा लागत नाही. सोनगीर, नरडाणा, सावळद्याचा तापीवरचा पूल, शिरपूर, पळासनेर, मग बिजासन घाट. पहाटे पाचला निघालं की अंधार आणि ट्रक दोन्ही असतात. घाटात ओव्हरटेकची घाई नको. खलघाटला नर्मदा ओलांडली की इंदूर जवळ आलं.

या रस्त्यावर दोन्ही गाड्यांत तुलना करण्यासारखं काही नाही, एक गोष्ट सोडून. थारसारख्या पार्ट-टाइम, म्हणजे चारही चाकांना ताकद गरजेपुरतीच जोडणाऱ्या फोर बाय फोरमध्ये डांबरी रस्त्यावर लिव्हर टू-एच (दोनच चाकं) वरच हवा. फोर-एच (चारही चाकं, नेहमीचा वेग) टाकलं की पुढचा आणि मागचा अ‍ॅक्सल एकमेकांना कडक बांधले जातात. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबचा फेरा घेतात. बर्फावर किंवा चिखलात हा फरक घसरून निघून जातो, कोरड्या डांबरावर निघायला जागाच नसते. मग स्टिअरिंग जड होतं, गाडी वळताना उड्या मारल्यासारखी करते, आणि तसंच रेटलं तर ट्रान्सफर केसचं (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीचं) काम निघतं. चुकून तसं झालं आणि लिव्हर अडकला, तर जोर न लावता सरळ रेषेत थोडं रिव्हर्स घ्या, ताण सुटतो.

ऑल व्हील ड्राइव्हचं प्रकरण वेगळं आहे. ग्रँड विटाराची ऑलग्रिप किंवा एक्सयूव्ही ७००ची ऑल व्हील आवृत्ती पुढच्या चाकांवर चालते आणि गरज पडली की मधला क्लच मागच्या चाकांना ताकद देतो. ती कोरड्या रस्त्यावर कायम चालू राहू शकते, चालकाला काही करावं लागत नाही. पण तिला लो रेंजचा (कमी वेगात जास्त ओढ देणारा) गिअर नसतो, आणि चाकं बराच वेळ जागीच फिरवली तर तो क्लच तापून काही वेळ काम बंद करतो. शोरूममध्ये दोन्हींना सर्रास “फोर बाय फोर” म्हणतात. विचारताना नेमकं विचारा: लो रेंज आहे का?

दुसरा दिवस: कोटा ते हिसार, सुमारे ५७० किलोमीटर

लांब आणि कंटाळवाणा दिवस. जयपूरच्या पुढे सीकर, फतेहपूर, चुरू. जानेवारीत इकडे दाट धुकं पडतं, तेव्हा सकाळी नऊच्या आधी निघायचा हट्ट नको आणि अंधार पडायच्या आत मुक्काम गाठा. धुक्यात डिपर खालचा, फॉग लॅम्प चालू. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावू नका, मागच्याला तुम्ही थांबलेले वाटता.

तिसरा दिवस: हिसार ते मंडी, सुमारे ४०० किलोमीटर

चंदीगड बाहेरून काढून कीरतपूर गाठलं की कीरतपूर-नेरचौक हा नवा रस्ता लागतो. बोगदे, पूल आणि रुंद वळणं यामुळे जुना बिलासपूरचा घाट विसरायला होतो. रिअर व्हील गाडीला हा रस्ता काहीच त्रास देत नाही.

मंडीला मुक्काम करून गोण्या भरायच्या. रिअर व्हील गाडीची बर्फातली मूळ अडचण अशी की इंजिन पुढे, ताकद मागे. मागे बसलेलं कुणी नाही, सामान थोडं, अशी बोलेरो किंवा पिकअप असेल तर जी चाकं ढकलतात त्यांच्यावरच वजन कमी, मग ती जागच्या जागी फिरतात. बांधकामाच्या मालाच्या दुकानातून रेती घेऊन २०-२५ किलोच्या चार गोण्या मागच्या अ‍ॅक्सलच्या बरोबर वर ठेवा आणि पट्ट्याने घट्ट बांधा. अगदी मागच्या दाराला टेकवून ठेवल्या तर पुढचं टोक हलकं होतं आणि स्टिअरिंगची पकड जाते, शिवाय शेपूट सुटली, म्हणजे गाडीचा मागचा भाग घसरला, तर ते वजन तिला आणखी झोकांडी देतं. हे वजन धुळ्यापासून वाहून आणण्यात अर्थ नाही, डिझेल जळतं. शिवाय चाक फिरायला लागलं तर एक गोणी फोडून रेती चाकाखाली टाकता येते. फोर बाय फोरला गोण्यांची गरज नाही. उलट जादा वजन उतारावर थांबवताना नडतं.

चौथा दिवस: मंडी ते मनाली, सुमारे ११० किलोमीटर

पंडोहचं धरण, औटचा बोगदा, कुल्लू. अंतर कमी आहे, कारण दुपारनंतरची कामं जास्त आहेत.

डिझेलच्या गाडीने टाकी जवळजवळ रिकामी करून मनालीत पोचायचं आणि तिथे फुल्ल करायची. थंडीत डिझेलमधलं मेण वेगळं होऊन फिल्टर तुंबवतं. भारतीय मानकात फिल्टर तुंबण्याच्या तापमानाची कमाल मर्यादा उन्हाळी डिझेलला १८ अंश आणि हिवाळी डिझेलला ६ अंश आहे. प्रत्यक्ष डिझेल यापेक्षा चांगलं असू शकतं, पण आपल्याकडचं डिझेल टाकीत घेऊन उणे दहात रात्र काढणं म्हणजे सकाळी गाडी लागून दोन मिनिटांत बंद पडायला आमंत्रण. जुने ट्रकवाले रॉकेल किंवा पेट्रोल मिसळायचे. आजच्या कॉमन रेल (खूप दाबाने डिझेल फवारणाऱ्या) इंजिनमध्ये तो उद्योग करू नका, हाय प्रेशर पंपाला डिझेलचंच वंगण असतं, तो खलास होतो. ज्या गाडीत डीईएफ (धूर स्वच्छ करणारं युरियाचं पाणी) भरावं लागतं तिथे लक्षात घ्या, ते उणे ११ अंशांना गोठतं. टाकीत हीटर असतो, घाबरायचं कारण नाही, पण सुटा कॅन रात्री बाहेर ठेवू नका.

टायरची हवा मनालीत सकाळी, गाडी हलवायच्या आधी तपासा. इथे एक गंमत आहे. धुळ्यात ३० अंशांत ३३ पीएसआय भरलेली हवा उणे ५ अंशांत साडेपाच पीएसआयने उतरायला हवी. पण मनाली सुमारे २,०५० मीटर उंचीवर आहे, बाहेरची हवा विरळ, म्हणून गेज तीनेक पीएसआय जास्त दाखवतो. हिशेब करून गेजवर ३०-३१ दिसतं. जे दिसेल ते गाडीवरच्या स्टिकरच्या आकड्याला आणून ठेवा. वाळूत हवा कमी करतात तशी बर्फातही करावी हा सल्ला फक्त गुडघाभर भुसभुशीत बर्फाला लागू पडतो. दाबलेल्या बर्फावर आणि ब्लॅक आइसवर (डांबरावरच्या न दिसणाऱ्या बर्फाच्या पातळ थरावर) त्याचा उपयोग नाही.

रात्री गाडी लावताना हँडब्रेक ओढू नका. ओले ब्रेक शू ड्रमला चिकटून गोठतात आणि सकाळी मागची चाकं फिरतच नाहीत. गिअरमध्ये ठेवा आणि चाकांना ठोकळे लावा. वायपर काचेपासून उभे करून ठेवा. सकाळी काचेवरचा बर्फ गरम पाण्याने उतरवू नका, काच तडकते. गाडी चालू ठेवून आत हीटर घेत बसायचं असेल तर सायलेन्सरचं तोंड बर्फात गाडलं गेलेलं नाही ना, ते आधी बघा. धूर आत येऊन बसलेली माणसं दगावू शकतात.

पाचवा दिवस: मनाली, सोलंग, अटल बोगदा, सिस्सू

ज्यासाठी एवढा खटाटोप, ते तीस-चाळीस किलोमीटर आज. बर्फ पडल्यावर पोलीस मनालीच्या पुढे गाड्या अडवतात आणि फोर बाय फोर किंवा चेन लावलेल्याच गाड्या सोडतात. बर्फ जास्त असेल तर रस्ताच बंद. हे रोज ठरतं. अडवलं तर हुज्जत घालू नका, तिथे स्थानिक फोर बाय फोर टॅक्सी उभ्या असतात. रोहतांग खिंड हिवाळ्यात बंदच असते, आपला रस्ता बोगद्यातून.

चढावर रिअर व्हील कुठपर्यंत जाते आणि फोर बाय फोर कुठपर्यंत, याचा ढोबळ हिशेब अवघड नाही. दाबलेल्या बर्फावर टायरचा घर्षणांक (पकडीचं माप) साधारण ०.२ धरा, ब्लॅक आइसवर ०.१, कोरड्या डांबरावर ०.७. रिअर व्हील गाडीचं निम्मं वजन ढकलणाऱ्या चाकांवर असेल, तर दाबलेल्या बर्फावर ती दहात एक (दहा मीटरला एक मीटर वर) चढापर्यंत कशीबशी जाते. चारही चाकं ढकलणारी पाचात एक. ब्लॅक आइसवर तेच आकडे निम्मे होतात. सोलंगच्या पुढची काही वळणं दहात एकच्या आसपास जातात, म्हणजे बोलेरो नेमकी तिथेच नांगी टाकते जिथून थार काही झालंच नाही अशी निघून जाते. गोण्या आणि चेन यांनी हा फरक बराचसा भरून निघतो. मागच्या दोन चाकांना चेन लावलेली रिअर व्हील गाडी नुसत्या साध्या टायरवरच्या फोर बाय फोरपेक्षा दाबलेल्या बर्फावर जास्त भरवशाची.

चढताना पद्धत अशी. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये उचलायची, क्लच सावकाश, स्टिअरिंग सरळ. पुढच्या गाडीला चढ पूर्ण चढू द्यायचा, मगच आपली सोडायची. मध्ये थांबायची वेळ आली की रिअर व्हील पुन्हा उचलत नाही. चाक फिरायला लागलं की ताबडतोब पाय उचला. फिरणारं चाक बर्फ वितळवतं, वर पाण्याचा थर येतो आणि काही सेकंदांत चाकाखाली गुळगुळीत खळगा होतो. मग त्यातून कुणीच काढत नाही. काळ्या मातीत फसलेली गाडी थोडी रेस देऊन काढायची आपल्याकडची सवय इथे उलटी पडते. मातीत नक्षीत भरलेला चिखल रेस दिल्यावर उडून जातो आणि चाक खालच्या घट्ट थराला लागतं; इथे खाली घट्ट थर म्हणजे बर्फच. चाकासमोरचा बर्फ फावड्याने काढा, रेती टाका, पहिला आणि रिव्हर्स हलक्या हाताने आलटून पालटून गाडी झुलवा.

एक चाक बर्फावर आणि दुसरं डांबरावर असेल तेव्हा साधा डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकांत ताकद वाटणारा भाग) सगळी ताकद घसरणाऱ्या चाकाला देतो, दुसरं शांत उभं. गाडीत लॉकिंग डिफरन्शियल असेल तर ते आपोआप अडकतं आणि रिअर व्हील गाडीही निघते. नसेल आणि हाताने ओढायचा हँडब्रेक असेल, तर तो दोन-तीन खाचा ओढून हळू गाडी उचला: फिरणाऱ्या चाकाला अडथळा होतो आणि थोडी ताकद पलीकडे जाते. गाडी हलली की लगेच सोडा. खोल बर्फात ट्रॅक्शन कंट्रोल इंजिनची ताकद कापत राहतो, तेवढ्यापुरता तो बंद करा.

मनालीहून साधारण २५ किलोमीटरवर बोगद्याचं दक्षिण तोंड, ३,०६० मीटर उंचीवर. बोगदा ९.०२ किलोमीटरचा, ३ ऑक्टोबर २०२०ला सुरू झालेला. आतला रस्ता बर्फाचा नाही, त्यामुळे दोन्ही गाड्यांना आत जाण्यापूर्वी काम असतं. थारने टू-एच टाकायचं. बोलेरोने चेन काढायच्या, कारण चेनवर ताशी ३०-४०च्या वर जाता येत नाही आणि कडक रस्त्यावर नऊ किलोमीटर चालवल्या तर तुटतात. चेन लावल्यावर शंभरेक मीटरवर थांबून पुन्हा ताणायच्या असतात, हे बाहेर पडल्यावर विसरू नका. थांबायचं ते तोंडाबाहेर, वळणापासून दूर, जागा बघून, बोगद्यात नाही. या काढ-घाल प्रकारात बोलेरोवाल्यांचा पाऊण तास जातो आणि थारवाल्यांचे दहा सेकंद. फोर बाय फोरसाठी जादा पैसे मोजायचे असतील तर या सोयीसाठी मोजा, ते पटण्यासारखं आहे.

उत्तर तोंडाबाहेर पडतानाच वेग २०वर आणा. दक्षिणेला ऊन आणि उत्तरेला बर्फ असं अनेकदा असतं, आणि बोगद्याच्या तोंडाशी ठिबकलेलं पाणी गोठून ब्लॅक आइस झालेला असतो. तो दिसत नाही, फक्त डांबर ओलं-काळं वाटतं. ओळखायची खूण: पुढच्या गाडीच्या चाकांमागे पाणी उडत नाही, तरी रस्ता ओला दिसतो. आणि गाडीचा आवाज अचानक कमी होतो.

सहावा दिवस: परतीचा उतार

सकाळी सिस्सूहून निघायची घाई करू नका. सावलीतली वळणं दहा-अकरापर्यंत गोठलेली असतात.

ताकद दोन चाकांना असो की चारांना, ब्रेक दोन्ही गाड्यांत चारही चाकांना लागतात. म्हणून थांबायच्या अंतरात फोर बाय फोरचा काडीचा फायदा नाही. ताशी ४० किलोमीटरवर कोरड्या डांबरावर ब्रेक दाबल्यापासून ९ मीटरमध्ये थांबणारी गाडी दाबलेल्या बर्फावर सुमारे ३१ मीटर जाते आणि ब्लॅक आइसवर ६३. ही अंतरं बोलेरोला तीच आणि थारलाही तीच. वेग निम्मा, म्हणजे २० केला की ती एक चतुर्थांश होतात: ब्लॅक आइसवर १६ मीटर. फोर बाय फोरवाल्याचा घोटाळा असा होतो की चढताना गाडी एकदाही घसरलेली नसते, त्यामुळे रस्ता किती निसरडा आहे ते त्याला कळलेलंच नसतं. रिअर व्हीलवाल्याची चाकं दहा वेळा फिरलेली असतात, तो आधीच धास्तावून वीसने उतरतो. उतरण्याआधी मागे-पुढे कुणी नसताना सपाट जागी १०-१५च्या वेगात एकदा ब्रेक दाबून बघा, दोन्ही गाड्यांनी.

उतारावर लो रेंज मात्र खरोखर कामाला येते. गाडी उभी करून, न्यूट्रलमध्ये फोर-एल (चारही चाकं, लो रेंज) टाकायचं, पहिला गिअर, पाय ब्रेकवरून काढायचा. इंजिनचा रोध चारही चाकांत वाटला जातो आणि गाडी चालण्याच्या वेगाने उतरते. रिअर व्हीलमध्ये तोच रोध फक्त मागच्या चाकांवर येतो. ब्लॅक आइसवर तिसऱ्यातून पहिल्यात टाकून क्लच झटक्यात सोडला, तर मागची चाकं हँडब्रेक ओढल्यासारखी अडतात आणि शेपूट बाहेर जाते. म्हणून रिअर व्हीलने वळणाच्या आधी, सरळ पट्टीवरच गिअर उतरवायचा, क्लच हळू सोडायचा, आणि शेपूट सुटलीच तर क्लच दाबून शेपूट ज्या बाजूला जाते त्या बाजूला स्टिअरिंग द्यायचं. ब्रेक नाही. एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाकं अडू न देणारी यंत्रणा) असेल तर सरळ पट्टीवर ब्रेक दाबून धरा, पायाखाली थरथर लागली म्हणून सोडू नका. ताज्या भुसभुशीत बर्फात एबीएसमुळे अंतर थोडं वाढतं, कारण अडलेल्या चाकापुढे बर्फाचा ढीग साचून जी अडवणूक झाली असती ती होत नाही. तरी स्टिअरिंग हातात राहतं, तो सौदा फायद्याचा.

सातव्या दिवसापासून: परत खान्देश

मनाली सोडताना रेतीच्या गोण्या रिकाम्या करा. खाली गरम हवेत आल्यावर टायरची हवा पुन्हा बघा: मनालीत उणे ५ला भरलेली ३३ धुळ्यात दुपारी ३६च्या घरात जाते. घरी आल्यावर गाडी खालून धुवा, चेन वाळवून तेलाचा हात फिरवून ठेवा, मागच्या ब्रेकच्या नळ्यांना चेनचे ओरखडे आहेत का ते रॅम्पवर बघा.

आता घ्यायची कोणती? वर्षातून एकदा बर्फ बघायला जाण्यासाठी खान्देशातल्या माणसाने फोर बाय फोर घेऊ नये, हे आमचं मत. त्या तीस किलोमीटरला चेन पुरते, नाहीतर तिथली टॅक्सी. पण बर्फ बाजूला ठेवून आपल्या मुलखाकडे बघा. धुळे, अमळनेर, पारोळा, जळगाव असा डांबरी संसार असेल तर रिअर व्हील, आणि पैसे उरले तर चांगले टायर. रावेर-यावलच्या केळीच्या बागांत पावसाळ्यात काळ्या मातीच्या शेतरस्त्याने रोज जावं लागत असेल, किंवा धडगाव, मोलगी, तोरणमाळ भागात बाराही महिने कामानिमित्त फिरणं असेल, तर लो रेंज असलेली फोर बाय फोर पहिल्याच पावसाळ्यात टोचनचे पैसे वाचवू लागते. तिथे ऑल व्हीलचा उपयोग कमी, कारण चिखलात तिचा क्लच तापतो आणि गाडीचं पोट जमिनीला लागतं. मधला पर्याय म्हणजे लॉकिंग डिफरन्शियलची रिअर व्हील. कडेला एक चाक उतरलं, शेताच्या बांधावर एक चाक उचललं गेलं, अशा रोजच्या प्रसंगांना ती पुरून उरते.

थारच्या दोन आवृत्त्यांची किंमत शेजारी ठेवताना हेही बघा की डिझेलमध्ये टू-व्हीलला १,४९७ सीसीचं इंजिन आहे आणि फोर बाय फोरला २,१८४ सीसीचं, म्हणजे फरक नुसत्या चाकांचा नाही. फोर बाय फोर घेतली तर ट्रान्सफर केस आणि पुढच्या डिफरन्शियलचं ऑइल हे दोन जादा खर्च सर्व्हिसच्या यादीत येतात, आणि पाणी-चिखलातून गाडी गेली असेल तर ते ऑइल ठरल्या किलोमीटरच्या आधीच उघडून बघायचं: दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय, लगेच बदला. वापर नसला तरी महिन्यातून एकदा मातीच्या रस्त्यावर फोर-एच टाकून एक-दोन किलोमीटर सरळ चालवा, नाहीतर ऐन वेळी लिव्हर जागचा हलत नाही.